‘सरका’ म्हणालात, तेव्हा खोलीत कोण कोण होतं?

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

मी मालवणजवळच्या एका गावातला, वय ३४. आठ वर्षांपासून पुण्यात नोकरी करतो. ऑफिसमधला माझा सगळ्यात जवळचा मित्र बौद्ध समाजातला आहे. आम्ही चौघं रोज एकत्र डबा खायचो. घरून मटण आणलं की तो स्वतःच म्हणायचा, “घ्या, महारवाड्यातलं मटण आहे, असं कुठल्या हॉटेलात मिळायचं नाही.” आम्ही सगळे हसायचो, तोही हसायचा. गेल्या महिन्यात टीममध्ये सहा नवीन जण आले. त्यांच्यासाठी जेवण ठेवलं होतं. मित्र उशिरा पोचला. त्याला दारात बघून मी मोठ्यानं म्हणालो, “आले, महारवाड्यातले पाहुणे आले, सरका!” तो हसला, येऊन बसला, पण फारसं जेवला नाही. तेव्हापासून तो आपल्या जागेवरच डबा खातो. विचारलं तर म्हणतो, “काही नाही रे, काम आहे.”

माझ्या मनात खरंच काही वावगं नव्हतं. आमच्याकडे आई लाडानं ‘मेल्या’ म्हणते, मित्र एकमेकांना शिव्या देऊनच हाका मारतात. शब्दही त्याचाच, मी फक्त उचलला. तो म्हणतो तेव्हा गंमत आणि मी म्हटलं की अपमान, हा कुठला न्याय? बायको म्हणते माफी माग. पण माफी मागितली तर मी जातीयवादी आहे हे मीच कबूल केल्यासारखं होईल. काय करू?

---

प्रिय मित्रा,

तुम्ही पत्र लिहिलंत, त्याअर्थी मित्राची रिकामी खुर्ची तुम्हाला रोज दिसते आहे. दिसत नसती तर तुम्ही ‘हल्ली लोकांना काही बोलायची सोय राहिली नाही’ म्हणून मोकळे झाला असतात. म्हणून मीही मोकळेपणानं लिहिते.

आधी तुमच्या आईच्या ‘मेल्या’बद्दल बोलू, कारण तुमचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे आणि त्यात तथ्य आहे. दुपारी उन्हातून आलेल्या पोराला दारातच “खंय होतंस रे मेल्या, जेवान निवला!” म्हणणारी आई त्याच्या मरणावर टेकलेली नसते, ताट वाढून बसलेली असते. कोकणातल्या शिमग्यात होळीभोवती बोंबा मारताना जे बोललं जातं, ते इतर दिवशी कुणी बोललं तर डोकी फुटतील. भोंडल्याच्या फेरात सासू-सासऱ्यांचा जो उद्धार होतो, तो त्याच सुनेनं घरी स्वयंपाकघरात करून बघावा! थोडक्यात, शब्द वाईट की चांगला हे शब्दकोशात बघून ठरत नाही, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

पण हे मान्य केलं की पुढचंही मान्य करावं लागतं. ‘मेल्या’ गोड लागतो तो आईच्या तोंडून, तुमच्या घराच्या दारात. हाच शब्द पुण्यातल्या तुमच्या साहेबानं मीटिंगमध्ये उच्चारला तर? तुम्ही म्हणाल का, की माझी आई म्हणते तर साहेबांनी म्हणायला काय हरकत आहे? म्हणजे शब्द कुणी, कुठे, कुणासमोर म्हटला याला किंमत आहे हे तुम्हाला जन्मापासून ठाऊक आहे. तुमच्या आईच्या बाबतीत तुम्ही ती किंमत धरता आणि मित्राच्या बाबतीत मात्र ‘शब्द तोच’ म्हणता.

आता त्या जेवणाच्या खोलीत जाऊ. तुम्ही लिहिलेलं वाक्य मी तीन-चार वेळा वाचलं. मला टोचला तो शेवटचा शब्द: ‘सरका’.

तुमच्या मनात अर्थ साधा होता, जागा करा, त्याला बसू द्या. एरवी आपण रोज म्हणतो, एसटीत म्हणतो, पंगतीत म्हणतो. पण तुम्ही तो ‘महारवाड्यातले आले’ याला जोडून म्हटलात. त्या दोन शब्दांची जोडी तुमच्या मित्राच्या पणजोबांनी ऐकलेली आहे. रस्त्यानं महार येतो आहे, सावली पडेल, विटाळ होईल, सरका. ही गोष्ट फार लांबची नाही. २० मार्च १९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरची माणसं गेली ती सार्वजनिक तळ्याचं ओंजळभर पाणी प्यायला, आणि त्याबद्दल त्यांना मार खावा लागला. महाड तुमच्या-माझ्या कोकणातलंच. तुम्ही हे मनात आणून बोलला नाहीत, याची मला खात्री आहे. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला तुमचं मन दिसत नव्हतं. त्याच्या कानावर फक्त वाक्य पडलं.

आणि तुम्ही ज्याचा पत्रात उल्लेखही केला नाही, अशी एक गोष्ट मला त्याहून गंभीर वाटते. त्या सहा नव्या मुलांना तुमच्या मित्राची जात माहीत होती का?

बहुधा नसावी. आपल्याकडे नव्या माणसाला ‘आडनाव काय?’ आणि ‘मूळ गाव कुठलं?’ हे दोन प्रश्न का विचारले जातात, हे सगळ्यांना कळतं. विचारणाऱ्यालाही आणि उत्तर देणाऱ्यालाही. अनेक जण या प्रश्नांना आयुष्यभर तोलून मापून उत्तरं देत आलेले असतात. भाड्यानं घर बघताना, पहिल्या नोकरीत, पोराच्या शाळेत. कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, मुळात सांगायचं की नाही, हे ठरवणं त्यांच्या हातात असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक असतं. तुमच्या मित्रानं तुम्हा तिघांना सांगितलं होतं. कदाचित वर्षभर तुमच्याबरोबर जेवल्यावर, तुम्ही कसे आहात ते पारखून. त्या सहा जणांना त्यानं सांगितलं नव्हतं. ते तुम्ही सांगितलंत, दारातून, मोठ्यानं, तो आत येऊन स्वतःचं नाव सांगायच्या आधी.

‘मी फक्त त्याचा शब्द उचलला’ असं तुम्ही लिहिलं आहे. शब्दाबरोबर तुम्ही त्याची निवडही उचललीत.

‘तो स्वतः का म्हणतो मग?’ हा तुमचा प्रश्न उरतोच. खरं उत्तर फक्त त्यालाच माहीत. माझ्या ओळखीच्या माणसांकडून जे ऐकलं त्यावरून दोन शक्यता सांगते. एक म्हणजे, शब्दातलं विष काढून टाकायला माणूस तो स्वतःच वापरू लागतो. ज्या शब्दानं आजोबांना मान खाली घालायला लावली, तो नातवानं मटणाच्या वाफाळत्या डब्यावर झाकणासारखा उघडून ठेवायचा: बघा, आमच्या वाड्यात हे शिजतं आणि तुम्ही बोटं चाटून खाता. यात अभिमान आहे आणि थोडा खट्याळपणाही. सत्तरच्या दशकापासून दलित लेखकांनी आपल्या कवितांत, आत्मकथनांत महारवाडा, येसकर (गावाच्या वेशीची राखण करणारा महार), मेलेलं ढोर ओढणं, उष्टं मागणं हे सगळं नावानिशी लिहिलं, ते याच बळावर. १९७२ साली मुंबईत तरुणांनी ‘दलित पँथर’ ही संघटना काढली तेव्हा ‘दलित’ हा शब्द त्यांनी स्वतः कपाळावर लावला.

दुसरी शक्यता ऐकायला त्रास होतो. कुणी म्हणायच्या आधी आपणच म्हणून टाकलं की निदान ते म्हणण्याची वेळ तरी आपण ठरवतो. घरचं मटण ब्राह्मण-मराठ्यांच्या डब्यांशेजारी ठेवताना पहिला टोमणा आपणच मारला, की दुसरा कुणी मारत नाही. अशा हसण्यात अर्धं लक्ष समोरच्यांच्या चेहऱ्यांकडे असतं. तुमचा मित्र कुठल्या कारणानं म्हणत होता, की काही दिवस या आणि काही दिवस त्या, हे तुम्हाला आठ वर्षांत कळलं होतं का? दुसऱ्या कारणानं म्हणत असेल, तर तुमच्या त्या वाक्यानं नेमकी तीच वेळ आणली, जी टाळण्यासाठी तो इतकी वर्षं आधी बोलत होता.

शब्द कुणी लावला यावरून केवढा फरक पडतो याचं आपल्याच राज्यातलं उदाहरण देते. ‘हरिजन’ हा शब्द गांधीजींनी सद्‌भावनेनं रूढ केला. देवाची माणसं, यात दुखावण्यासारखं काय? पण १९३८ साली मुंबई विधानसभेत एका विधेयकात तो शब्द आला, तेव्हा डॉ. आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी त्याला हरकत घेतली आणि डॉ. आंबेडकरांसह त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहातून उठून गेले. आम्हाला काय म्हणायचं हे आम्हाला न विचारता का ठरवता, हा मुद्दा होता. शब्द गोड आणि हेतू चांगला असूनही तो अपमान ठरला. उलट ‘महार’ हाच शब्द १९४१मध्ये उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या नावात आजही दिमाखात आहे. तिथे तो ऐकून कुणाची मान खाली जात नाही. आणि १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा घेतलेल्या कितीतरी घरांत तर ‘आम्ही महार नाही, बौद्ध आहोत’ हे मुलांना पहिल्यापासून शिकवलं जातं. तुमच्या मित्राला काय वाटतं, हे या सगळ्या पसाऱ्यात कुठेतरी आहे. ते त्यानंच सांगायचं.

महारवाड्याचंही तसंच. पिढ्यान्‌पिढ्या कागदोपत्री हेच नाव होतं, पत्त्यावर होतं, पोस्टमन तेच वाचायचा. डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. म्हणजे पत्ता म्हणून लिहिलेला शब्दही कुणाला तरी रोज खुपत होता. नाव बदललं म्हणून वस्ती गावकुसाच्या आत येत नाही हे खरंच, पण अर्जावर ते नाव लिहिताना पोराचा हात अडखळत नसेल, तर तेवढंही मला मोलाचं वाटतं.

कायद्याचा विषय मी केवळ एका कारणासाठी काढते, तुम्हाला घाबरवायला नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार रोखणारा १९८९चा कायदा वाचलात तर दिसेल, की ‘तो म्हणतो तर मी का नाही’ याचं उत्तर त्यात लिहूनच ठेवलं आहे. अपमानाचं जे कलम आहे ते बोलणारा कोण हे बघतं: तो अनुसूचित जाती-जमातीतला नसेल तरच ते लागतं. ते हेतू बघतं, आणि लोकांच्या देखत बोललं गेलं का हेही बघतं. २००८च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं ‘चमार’ या शब्दाबद्दल म्हटलं, की मूळ अर्थ काय होता याला महत्त्व नाही, लोकव्यवहारात आज तो कशासाठी वापरला जातो ते पाहायचं. बोलणारा, ऐकणारे, जागा, हेतू. तुमच्या आजीनं हेच सगळं ‘कुठं काय बोलावं याची पोच हवी’ एवढ्या एका वाक्यात सांगितलं असतं.

हेतूबद्दल माझी स्वतःची एक गोष्ट सांगते, जी मला आजही आठवली की कान गरम होतात. मी शिक्षिका होते. एका कार्यक्रमात पाहुण्यांना एका सहकारी बाईंची ओळख करून देताना मी म्हणाले, “या मागासवर्गीय असूनही इतकं सुंदर, शुद्ध बोलतात!” कौतुक म्हणून म्हणाले. मनापासून. त्या हसल्या. वर्षभरानं, स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच असताना त्यांनी मला विचारलं, “बाई, त्या दिवशी ‘असूनही’ का म्हणालात हो?” बस, एवढंच. त्या वाक्यात एकही शिवी नव्हती. तुम्ही अख्खं वाक्य तपासायला दिलंत तर कुणी एक शब्दही खोडणार नाही. पण ‘असूनही’त माझं सगळं मन उघडं पडलं होतं: या लोकांना नीट बोलता येत नाही हे मी धरून चालले होते आणि त्यांना अपवाद ठरवून बक्षीस देत होते. मला एक वर्ष कळलंही नव्हतं. त्यांनी वर्षभर माझ्याशेजारी बसून वह्या तपासल्या.

म्हणून तुमच्या ‘मनात काही नव्हतं’ यावर मी पूर्ण विश्वास ठेवते आणि तरीही ते पुरेसं नाही असं म्हणते. आणि माफी मागितली की आपण जातीयवादी ठरतो, ही तुमची भीती मला समजते, पण पटत नाही. कुणाच्या पायावर पाय पडला तर आपण ‘मी काही मुद्दाम तुडवणारा माणूस नाही’ हे सिद्ध करत बसत नाही. पटकन पाय उचलतो, हात लावून नमस्कार करतो. आपल्याकडे तर ते इतकं अंगवळणी पडलं आहे की अनोळखी माणसालाही करतो. मग आठ वर्षांच्या मित्रासाठी इतका हिशेब का?

आता प्रत्यक्ष काय करायचं. ऑफिसमध्ये, सगळ्यांसमोर विषय काढू नका. त्याला पुन्हा एकदा सगळ्यांच्या नजरेत उभं करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. तिथे आवाज नसतो, आणि त्याला ते कामाच्या मध्येच कुठेतरी उभ्या-उभ्या वाचावं लागेल. संध्याकाळी निघताना चहाला चला म्हणा. बोलायचं थोडं: “त्या दिवशी सगळ्यांसमोर मी ते बोलायला नको होतं. तुझी गोष्ट मी दुसऱ्यांना सांगितली. माझं चुकलं.” आणि थांबा. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ असं म्हणू नका, त्यात चूक त्याच्या वाटण्यावर ढकलली जाते. आईचा ‘मेल्या’ काढू नका, शिमगाही काढू नका. ‘तूच म्हणतोस ना’ हे तर ओठांवर आलं तरी गिळा. आणि त्यानं ‘काही नाही रे, सोड’ म्हटलं, तर ‘नक्की ना? राग नाही ना?’ असं तीनदा विचारून त्याच्याकडून पावती घेऊ नका. तुमचं मन हलकं करणं हे त्याचं काम नाही. तो पुन्हा डबा घेऊन येईल तेव्हा येईल. उद्या येईल, सहा महिन्यांनी येईल, कदाचित येणारही नाही. तोवर त्याच्या जागी जाऊन, आपला डबा उघडून “बसू का?” असं विचारायला मात्र हरकत नाही. नाही म्हणाला तर परत या.

त्यानं पुढे तो शब्द स्वतःसाठी वापरायचा की नाही, हे त्याच्यावर सोडा. ‘मग तूही म्हणू नकोस’ ही अट घालायचा तुम्हाला अधिकार नाही. आणि ‘मी काय म्हटलं तर चालेल, ते एकदा सांगून टाक’ अशी यादीही मागू नका. मैत्रीत माणूस नावानं हाक मारतो. तेवढं पुरतं.

अशी बरीच पत्रं मला येतात, म्हणून इतरांसाठीही थोडं. जातीवरून आलेल्या म्हणी आणि शब्द आपल्या बोलण्यात इतके मुरलेत की जीभ थांबत नाही. ‘सोनारानं कान टोचले’ म्हटल्यानं कुणाचं काही जात नाही, पण ‘चांभारचौकशा’, ‘महारकी’, ‘कुणबट’ हे शब्द एका अख्ख्या समाजाला फुकटात हिणवतात आणि त्यांच्याजागी ‘नसत्या चौकशा’ म्हणून काम भागतं. ‘आंधळा’, ‘लंगडा’, ‘छक्का’ हे हाका मारायला वापरणाऱ्यांनाही हेच. दिवसभर जीभ चावत बसायची गरज नाही. दोन-तीन शब्द धरा, ते सोडा, मग पुढचे.

‘मला तर कोकण्या म्हणतात, मी कुठे रागावतो?’ असंही तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं होतं. ते मी सारांशात घेतलं नाही, इथे घेते. तुमच्या मालवणीची नक्कल करून कुणी ‘होय महाराजा’ म्हटलं की तुम्ही हसता. बरोबरच आहे, हसावं. पण कोकण्या म्हणून तुमच्या आजोबांना विहिरीवर कुणी अडवलं नव्हतं, देवळाबाहेर कुणी उभं केलं नव्हतं. त्या शब्दाच्या मागे काही उभं नाही, म्हणून तो हलका आहे. तुमच्या मित्राच्या शब्दामागे काय उभं आहे हे तुम्हाला शाळेत थोडं शिकवलं, त्याला घरात शिकवलं.

राहिले ते सहा नवे लोक. त्यांनी पहिल्याच दिवशी बघितलं की या ऑफिसात असं बोललेलं चालतं, आणि तेही सगळ्यात जुन्या, सगळ्यात हसऱ्या माणसानं बोललेलं. त्यांच्याशी काय बोलायचं, की काहीच बोलायचं नाही, हे मित्राला विचारल्याशिवाय ठरवू नका. तो ‘विषय वाढवू नकोस’ म्हणाला तर वाढवू नका. पण त्यांच्यापैकी कुणी कधी तुमचं ते वाक्य गंमत म्हणून पुन्हा उच्चारलं, तर त्या क्षणी मित्र काय करतो हे बघत बसू नका. तुम्ही बोला, लगेच, आणि त्या दिवशी जेवढ्या मोठ्यानं बोलला होतात तेवढ्याच मोठ्यानं: “ते मी चुकीचं बोललो होतो. पुन्हा नको.” आणि मग भाजीचं भांडं पुढे सरकवा.